अण्णा येत्या रविवारी निघतायत

निलंगा

प्रिय अंगद,

तुझ्या साखरपुड्याचा पेढा मी खाल्ला बरं का. ऑफिसात माझ्या खोलीतल्या शीलानं टेबलावर आणून ठेवला, सगळे माझ्याकडे बघत होते, मग काय करणार! तू आदल्या दिवशीच सांगितलं होतंस, तरी तो गिळताना जीव गेला. दुपारी अर्धी रजा टाकली आणि गावाकडे यायला म्हणून नांदेडच्या स्टँडवर गेले. निलंग्याची गाडी समोर होती, पण मी बसले हैदराबादच्या गाडीत. का, ते विचारू नकोस. घरी जाऊन अण्णांसमोर हसत जेवायचं बळ नव्हतं.

देगलूरला औरादच्या बायका चढल्या, खांद्यावर घोंगड्या. पाडव्यासाठी श्रीशैलला चालल्या होत्या, आत्मकूरपासून जंगलातून पायी. त्यांतली सिद्धम्मा माझं तोंड बघून म्हणाली, "चल यव्वा, रडायला जागा लई हाय तिथं." गेले. ऑफिसची पर्स आणि पायात सँडल. 'आत्मकूरवरून श्रीशैलला चाललेय' एवढा एक मेसेज शीलाला टाकला, मग रेंजच गेली. नल्लमलाच्या त्या रानात बांबू, दगड आणि माकडं, दुसरं काही नाही. पायाला फोड आले. सिद्धम्मानं स्वतःच्या चपला मला दिल्या आणि ती अनवाणी चालली. मी खरंच खूप रडले रे. कोणी कारण विचारलं नाही.

इकडे वेगळाच घोळ झालेला. त्या सकाळी माझ्या गळ्यातल्या लिंगाचा दोरा तुटला होता. संध्याकाळी नवा आणू म्हणून मी लिंग खोलीतल्या देवापुढे ठेवलं आणि ऑफिसला गेले. फोन लागेना म्हणून अण्णा नांदेडला आले, तर शीलानं खोली उघडली आणि समोर ते! तुला माहीत आहे, आम्हा लिंगायतांत लिंग जिवंतपणी गळ्यातून उतरत नाही, मेल्यावरही सोबत जातं. पोरीनं ते मागे ठेवलं म्हणजे ती जीव द्यायलाच गेली, असं अण्णांनी धरलं. दिवाळीत तू मला मागायला निलंग्याला आलास तेव्हा त्यांनी तुला दुकानातूनच चहा पाजून परत लावलं होतं ना, त्याचा सगळा दोष त्यांनी स्वतःवरच घेतला. साखरपुड्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. शीला बोलली नाही, मीही बोलले नाही.

शीलाकडचा मेसेज वाचून अण्णा मागोमाग निघाले आणि पेद्दाचेरुवूच्या तळ्यापाशी त्यांनी मला गाठलं. दुखऱ्या गुडघ्यांनी, काही न खातापिता, वाटेत भेटेल त्याला माझा फोटो दाखवत आले होते. मला बघून म्हणाले, "जित्ती हायस का गं?" आणि मटकन खालीच बसले. मला वाटलं आता थोबाडीत बसेल. त्यांनी उपरण्यात बांधून आणलेलं लिंग काढलं, नवा दोरा ओवला, गाठ मात्र मीच मारली. दुकानात सरकीच्या पोत्यावरून हमालांना झापणारे माझे अण्णा, हमसून हमसून रडत होते.

पुढचं सगळं रान आम्ही बरोबर चाललो. चढावर मी त्यांना ओढायची, उतारावर ते मला सावरायचे. लहानपणानंतर इतकं कधी बोललो नव्हतो. कैलासद्वाराच्या चढाला थांबून ते म्हणाले, "त्या पोराच्या घरी मी सोता जातो. पाय धराय लागले तरी धरतो. तू फकस्त हाव म्हन." ज्या होकारासाठी मी वर्षानुवर्षं झुरले, तो असा रानात मिळाला अंगद. मी म्हटलं, नको अण्णा, आता नको. "माज्या धाकानं नगं म्हन्तीस, मी जानारच," असं ते म्हणाले.

मला तू अजून हवा आहेस. पण एका मुलीच्या बोटात तुझी अंगठी आहे, तिचा काय गुन्हा? साखरपुडा मोड असं मी मागत नाही. मागते ते वेगळंच. येत्या रविवारी अण्णा तुमच्या हिमायतनगरला येतायत. तुझ्या वडिलांसाठी टॉवेल-टोपी घेऊन ठेवलीय, आई हसते त्यांना. तू स्टँडवरच त्यांना गाठ. तुझ्या वडिलांपर्यंत जाऊ देऊ नकोस. साखरपुड्याचा शब्द काढू नकोस. एवढंच सांग की तुझं मन फिरलं, तुला शिवानी नको. लग्नाचं पुढे कधीतरी कळेल, ते नंतर ठरलं असं वाटू दे. ते तुला शिव्या देतील, भर स्टँडवर देतील, ऐकून घे. तुझ्यावर चिडून माझे अण्णा जगतील. त्यांनी साखरपुड्याच्या थोडं आधी निघायला हवं होतं, हे त्यांना कळलं तर नाही जगणार.

रविवारपर्यंत तरी तुझीच,
शिवानी