गादीखालची पट्टी

मंगळवार, ४ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी एक अनोळखी डॉक्टरीणबाई माझ्या बैठकीच्या खोलीत बसून मला आजचा वार विचारत होत्या. तू पाठवलंस म्हणाल्या. वार सांगितला. मग कागद पुढे करून त्यांनी घड्याळ काढायला सांगितलं. छत्तीस वर्षं भूगोल शिकवलाय, मी विचारलं, कुठल्या रेखांशावरचं. त्या हसल्या नाहीत, त्यांनी तेही लिहून घेतलं.

त्या हात धुवायला गेल्या तेव्हा मी त्यांची फाइल उघडली. आपोआप उघडली असं म्हणणार नाही. आत माझा सबंध फेब्रुवारी होता. किती वाजता उठले, संडासला किती वेळा गेले, फ्रिजचं दार किती वेळा उघडलं, गादीवर कधी पडले. भिंतीवरचे पांढरे डबे तू धुराची सूचना देतात म्हणून लावलेस. गादीखालची पट्टी कंबरेसाठी म्हणालीस. कंबर होती तशीच आहे.

कॉन्व्हेंटात सिस्टर आमची घरी जाणारी पत्रं वाचायच्या, पण आम्हाला समोर उभं करून. काय लिहायचं नाही एवढं तरी आम्हाला ठाऊक असायचं.

हा काय प्रकार आहे ते फोनवर नको, लिहून कळव. लोभ आहेच, तो मोजायला आणखी कुठे पट्टी लावू नकोस.

आई

शनिवार, ८ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

खोटं बोलले, कबूल. खरं सांगितलं असतं तर तू ते डबे त्याच दिवशी जिन्यावरून खाली फेकले असतेस. बाबा न्हाणीघरात पाच तास पडून होते तेव्हा तू शाळेत पेपर तपासत होतीस आणि मी त्यांचा फोन उचलला नव्हता. ते पाच तास मला पुन्हा नकोत. आणि माझं दप्तर तू बारावीपर्यंत तपासायचीस, तेव्हा मला कुणी विचारलं होतं?

पण गंमत बाजूला ठेवते. रोज दुपारी एक ते चार पट्टीला तू झोपलेली दिसतेस आणि त्याच वेळी डब्याला स्वयंपाकघरात चालताना. पट्टी बनवणाऱ्या कंपनीचे लोक म्हणतात, इतकी उठबस हे विसर पडू लागल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टरांनाही रेखांशाचं उत्तर असंबद्ध वाटलं. टेकडीवरच्या वृद्धनिवासात एक एप्रिलपासून खोली मिळते आहे. पंचवीस तारखेला सही करून द्यायची आहे. खिडकीतून झाडं दिसतात.

हवं तितकं रागव, पण माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

बुधवार, १२ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

दप्तर मी तुझ्यासमोर उपडं करायचे. त्यातून पाल निघाली तेव्हा दोघी मिळून किंचाळलो होतो. बाबांचे पाच तास मला रोज आठवतात, त्यासाठी यंत्र लागत नाही.

आता नीट वाच. दुपारी त्या गादीवर मी नसते. खालच्या मजल्यावरची शिंपीण असते. दोन खोल्यांत मुलगा, सून आणि तीन नातवंडं. हिला स्वतःची खाट नाही. टीव्ही बंद झाला की कोचावर आडवी होते आणि सगळ्यांच्या आधी उठते. दोन वर्षं ती माझ्याकडे झोपायला येते. मी स्वयंपाकघरात पाय न वाजवता फिरते आणि चारला चहा ठेवून तिला उठवते. तुझ्या कंपनीने दोन शहाण्या बायका मिळून एक वेडी केली.

हे मी तिला न विचारता लिहिते आहे आणि त्याची मला लाज वाटते. घरी तिने काय कारण सांगितलंय ते तिचं ती जाणे. तिच्या घरी चौकशी करू नकोस. एवढं ऐकलंस तर आशीर्वाद दुप्पट.

आई

सोमवार, १७ मार्च

ती. आईस सा. न. वि. वि.

मी चौकशी केली. कंपनी म्हणाली, दुसरी व्यक्ती असेल तर खात्री करून द्या. शिंपीणमावशींचा नंबर नव्हता म्हणून सुनेला फोन केला. ती म्हणाली, सासूबाई रोज वर जातात कारण बाईंना, म्हणजे तुला, हल्ली धरून न्हाणीत न्यावं लागतं, घासही भरवावा लागतो. मी तिला पट्टीचं सांगितलं, एक ते चार कुणीतरी गाढ झोपलेलं असतं हेही. तिने ते मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

आई, तुम्हा दोघींपैकी खरं कोण बोलतंय? मी लांबून कशावर विश्वास ठेवू? तुझ्या काळजीपोटीच विचारते आहे, तेवढं मनात असू दे.

धाकटी

बुधवार, १९ मार्च

धाकटीस,

काल दुपारी एक वाजता शिंपीण आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. माझ्याशी बोलताना नजर भिंतीवरच्या डब्यावर. माझ्या घराची किल्ली तिने हातात दिली आणि मी पांगळी झाल्याचं घरी सांगितलं म्हणून माफी मागितली. झोपायला जाते म्हटल्यावर त्या घरातून कोण सोडणार होतं? सेवेला जाते म्हटलं की सोडतात. आधी कळलं असतं तर मीच तिला म्हटलं असतं, खुशाल मला आंधळीसुद्धा कर. आता सून तिला येताजाता विचारते, दुपारी तीन तास लोळायला मिळतं तर कंबर कशाने दुखते.

जाताना तिने विचारलं, पट्टीला आपलं घोरणंही ऐकू जायचं का. माझ्याच गादीबद्दल मला ते ठाऊक नाही.

वृद्धनिवासाच्या कागदावर मी सही करणार नाही. सोमवार, २४ मार्च, संध्याकाळी सहाच्या आत मला तुझ्या हातचं लेखी उत्तर हवं आहे. माझा फेब्रुवारी कुणाकुणाला दाखवलास, त्या पट्टीला काय काय ऐकू जातं, ती कोणत्या दिवशी निघेल आणि खालच्या घरी जाऊन तू काय सांगणार आहेस. उत्तराच्या दोन प्रती पाठव. एक मी खाली नेऊन देईन, माझ्या पायांनी, कुणी न धरता.

आई