दोन डब्या, सात-सात गोळ्या

२६ ऑक्टोबर १९९८, सोमवार

सह्या झाल्या. एकूण अकरा! गोविंदरावांनी प्रत्येक पानावर ती जुनी शेपटीवाली सही केली, युनिव्हर्सिटीत मार्कशीटवर करायचे तशी. शेजारच्या खुर्चीत भास्करराव. त्यांनी एक ओळ न वाचता सह्या ठोकल्या. "वहिनी, तुम्ही वाचलंत ना? मग बस. पत्यु, संपलं!"

दोघं शाळेपासूनचे मित्र. एक टेक्नॉलॉजीत शिकवायला गेला, एक रेल्वेत. निवृत्त झाल्यावर बडोद्यात समामध्ये एकाच सोसायटीत, एकाच जिन्यावर फ्लॅट घेतले — आम्ही वर, ते खाली. आणि आता दोघांची हृदयंही एकाच वर्षी मोठी झाली! पंपिंग यांचं पंचवीस टक्के, त्यांचं अठ्ठावीस. डॉक्टर आकांक्षा म्हणाली, "काकू, हृदय मोठं होणं चांगलं नसतं." आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये नेमकं उलटं शिकवलं होतं.

अभ्यास असा — एका परदेशी कंपनीची नवी गोळी. रोजची औषधं चालूच, शिवाय ही. निम्म्यांना खरी, निम्म्यांना नुसतीच गोळी. दिसायला अगदी एक. कुणाला कुठली ते ना पेशंटला ठाऊक, ना डॉक्टरला. परदेशातल्या कुठल्यातरी कॉम्प्युटरला ठाऊक.

खोट्या गोळीला 'प्लासिबो' म्हणतात. सिस्टर ॲग्नेस लॅटिन प्रार्थना म्हणून घ्यायच्या, त्यात होता हा शब्द. अर्थ — 'मी संतुष्ट करीन'. आत काही नाही, आणि नाव एवढं गोड!

१ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही घरांचं खातं माझ्याकडे आलं. भास्कररावांच्या बायकोच्या, मंदाकिनीच्या, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि फॉर्म सगळे इंग्रजीत. रोजचं वजन, नाडी, पायाची सूज — तिला जमायचं नाही. भास्करराव स्वतः करतील हे तर विसराच.

म्हणून दोघांच्या बाटल्या माझ्या कपाटात. दर रविवारी मी आठवड्याच्या सात-सात गोळ्या काढून फिल्मच्या रोलच्या दोन काळ्या डब्यांत भरायच्या. आमच्या उत्कर्षच्या मुंजीच्या फोटोंच्या रोलच्या डब्या आहेत त्या. टाकवल्या नव्हत्या. एकीवर 'गो', एकीवर 'भा'. मोहना, भास्कररावांची मुलगी, येऊन त्यांची डबी घेऊन जाते. येताना मंदाकिनीचं काहीतरी आणते. आज उंधियू!! मीठ नको म्हणून किती सांगितलं. पण मी खाल्लं.

३ नोव्हेंबर

यांची नाडी ८८. खाली भास्कररावांची ९०.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

महिन्याची प्रश्नावली. आमच्या दिवाणखान्यात दोघांना समोर बसवून मीच घेतली. मी वाचायचं, मराठीत सांगायचं, ते शून्य ते पाच असा आकडा सांगणार.

"गेल्या महिन्यात हृदयामुळे तुम्हाला हवं तसं जगता आलं नाही का?"

गोविंदरावांनी छताकडे बघितलं. म्हणाले, "हवं तसं आधी कधी जगलो होतो, ते विचारलंय का?"

"आकडा सांगा."

"दोन."

अकराव्या प्रश्नावर मी थबकले. नवरा-बायकोच्या खासगी संबंधांविषयी होता. मी सरळ बाराव्यावर गेले — जेवण रुचतं का?

"वहिनी, अकरावा राहिला," भास्करराव म्हणाले. "रेल्वेत आम्ही एकही स्टेशन सोडत नसू."

आतून मंदाकिनी ओरडली, "त्यांना म्हणावं गाडी कधीची यार्डात लागलीय!"

तिला ऐकू उत्तम येतं. गोविंदराव हसता हसता खोकले. मी दोघांच्याही अकराव्यापुढे शून्य लिहिलं. शून्य म्हणजे 'काहीच अडचण नाही' हे नंतर लक्षात आलं. आता राहू दे. विज्ञानाला तेवढंच बरं वाटेल.

८ डिसेंबर, मंगळवार

तपासणी. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये दोन खुर्च्या ठेवतात आणि सहा मिनिटं त्यांच्यामध्ये चालायला लावतात. आकांक्षा हातात घड्याळ घेऊन. गोविंदराव २८० मीटर चालले. ऑक्टोबरात २३५ होते! शर्यत जिंकल्यासारखे आले. ज्या माणसानं लग्नाआधी वाडीपासून माझ्या घरापर्यंत सायकल चालवत येऊन, बेल न वाजवता परत जाण्याचे पराक्रम केले, त्याला पंचेचाळीस मीटरचं केवढं!

भास्करराव मध्येच बसले. उठताना चक्कर येते म्हणाले. "काल बाथरूममध्ये भिंतच धरली, वहिनी. भिंत चांगली आहे, बिल्डरचं काही खोटं नाही."

१० डिसेंबर

माहितीपत्रक पुन्हा वाचलं. बारीक अक्षरात चौथ्या पानावर — गोळीमुळे उभं राहताना चक्कर येऊ शकते. रक्तदाब खाली येतो.

म्हणजे खरी गोळी भास्कररावांकडे आहे.

यांचे पंचेचाळीस मीटर म्हणजे नुसता उत्साह. 'मी संतुष्ट करीन'.

आम्हा चौघांत हे पान वाचलेली मी एकटी.

१३ डिसेंबर, रविवार

केलं.

'गो' डबीत भास्कररावांच्या बाटलीतल्या सात. 'भा' डबीत यांच्या बाटलीतल्या सात. मोजायला बसले तर कुणालाही चूक सापडणार नाही — सात आणि सात.

त्यांना चक्कर येत होती, ती थांबेल. त्यांचं भलंच केलं, असं मी स्वतःला एकदा सांगून पाहिलं. चांगल्या मराठीत सांगितलं, तरी पटलं नाही.

मोहना यायच्या आधी गोविंदराव उठले. "आण, आज मी देऊन येतो. तेवढाच पायांना व्यायाम." दोन्ही डब्या खिशात टाकून निघाले. आपली कशाला नेता, म्हटलं. "बरोबर बसून घेतो आम्ही गोळी. चहा पिताना." तिथे चहाही होतो, हे मला आजच कळलं.

वीस पायऱ्या उतरायला बराच वेळ लागला. मी कठड्याशी उभी. काय माणूस आहे, आणि मी याच्यासाठी काय करतेय!

२७ डिसेंबर

तिसरा आठवडा. दर रविवारी हेच डबी घेऊन जातात. मोहनाला येऊ देत नाहीत.

१४ जानेवारी १९९९, गुरुवार

उत्तरायण. सकाळपासून गच्च्यांवर 'काप्यो छे!' चाललंय. गोविंदराव गच्चीवर गेले! दोनदा थांबून, पण गेले. मी मागे खुर्ची घेऊन. तिळाची चिक्की खाल्ली, गोत्रीकडून येणाऱ्या वाऱ्याला नावं ठेवली, कुणाचा तरी कापलेला पतंग धरला. टोपी काढली तेव्हा कपाळ तेच दिसलं, सायकलवरून यायच्या त्या एकवीस वर्षांच्या मुलाचं. मी खूप वेळ मांजा बघण्याचं सोंग केलं.

भास्करराव आले नाहीत. खालून ओरडले, "गोविंदा, तू माझाही एक काप!" आवाज बारीक वाटला.

चक्कर थांबली आहे त्यांची. त्याऐवजी पाय सुजलेत. फॉर्मवर मी लिहिलं — सूज, दोन्ही घोटे. अक्षर माझं सुरेखच आहे. सिस्टर ॲग्नेसनी घडवलेलं.

३१ जानेवारी

डबी भरताना ठरवलं होतं, आज पूर्ववत करायचं. गोविंदराव स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत गुणगुणत होते. गेल्या दोन वर्षांत गुणगुणले नव्हते.

नाही केलं पूर्ववत.

९ फेब्रुवारी, मंगळवार

भास्कररावांना पहाटे हॉस्पिटलमध्ये नेलं. श्वास लागला. झोपताच येईना. मोहना वर आली ती अनवाणी. मंदाकिनी रिक्षात माझा हात धरून म्हणत होती, "अहल्या, तू आहेस म्हणून. तू गोळ्यांचं इतकं नीट बघतेस, म्हणून मला काळजी नव्हती गं."

११ फेब्रुवारी

आयसीयूच्या बाहेर आकांक्षा एक गुलाबी फॉर्म भरत होती. वर लिहिलं होतं — 'घटना'. मृत्यू किंवा भरती, दोन्ही 'घटना'च. पुढे दोन चौकटी, पहिली मृत्यूची, दुसरी भरतीची; एकीत बरोबरची खूण करायची. तिनं दुसऱ्या चौकटीत केली. "काकू, गोळ्या रोज वेळेवर घेत होते ना?"

"रोज. वेळेवर."

"तुमच्या दोन पेशंटची नोंद सगळ्यांत चांगली आहे. आम्ही मीटिंगमध्ये दाखवतो."

हॉस्पिटलात असेपर्यंत अभ्यासाची गोळी बंद. घरी गेल्यावर पुन्हा. देवा, हा आठवडा तरी यांच्या डबीत यांच्याच गोळ्या; माझ्या हातात काही नाही.

गोविंदराव काचेतून त्यांच्याकडे बघत होते. पुटपुटले, "असं कसं झालं? त्याला तर..." घरी येऊन जेवले नाहीत.

१७ फेब्रुवारी, बुधवार

समोरची सिसिलिया कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून आली. आमच्या वर्गातल्या ख्रिश्चन मुली या दिवसांत कन्फेशनला जायच्या, जाळीपलीकडे बसलेल्या फादरना पाप सांगायला. आम्ही हिंदू मुली बाहेरच्या बाकावर त्यांची दप्तरं सांभाळत बसायचो. त्या आत तोंड पाडून जात आणि बाहेर येऊन लगेच लंगडी खेळत. मला हेवा वाटायचा. माझं पाप त्या वेळी एवढंच होतं — कांचनच्या डब्यातली बटाट्याची भाजी.

आमच्यात जाळीच्या पलीकडे कुणी बसलेलं नसतं. ज्याचं चोरलं, त्याच्याच घरी संध्याकाळी चहा.

२० फेब्रुवारी, शनिवार

भास्करराव घरी आले. पाच किलो पाणी काढलं म्हणे. सदरा खुंटीला लावल्यासारखा दिसतो. मला बघून, "वहिनी, तुमच्या वहीत मी मेलो नाही ना? मग चालसे."

मी त्यांना पातळ मुगाची खिचडी दिली. "मीठ नाही?" "नाही." "मग जगून उपयोग काय!" मंदाकिनीनं पदरानं डोळे टिपले आणि मला म्हणाली, उद्या डबी भरशील ना? डॉक्टरीणबाईंनी उद्यापासून चालू करायला सांगितलंय.

२१ फेब्रुवारी, रविवार

दोन्ही बाटल्या समोर. दोन्ही डब्या उघड्या. अर्धा तास बसले.

यांच्या बाटलीतली यांना दिली, तर हे गच्चीवरून खाली येणार, कॉटवर येणार. मला दिसत होतं. त्यांच्या बाटलीतली यांना दिली, तर पुढच्या वेळी आकांक्षा पहिल्या चौकटीत खूण करणार. तेही दिसत होतं.

गोविंदराव नेहमीसारखे हात पुढे करून आले. "झालं का?"

मी सांगितलं. सगळं. चौथं पान, चक्कर, तेरा डिसेंबर. नऊ रविवार असतील. आठवेनात नीट. चौतीस वर्षांत यांच्यापासून एवढी मोठी गोष्ट लपवली नव्हती. शेवटी म्हटलं, "तुमच्यासाठी केलं. पण केलं चोरूनच."

मला वाटलं होतं ओरडतील. ते खुर्चीत बसले. दोन्ही डब्या हातात घेतल्या. मग खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं, धाप लागली. हसत होते! हसता हसता डोळ्यांतून पाणी. पाणी दिलं, पाठ चोळली.

"आधी खाली जाऊन भास्करला बघून येतो," म्हणाले. "उद्या सांगतो तुला."

डब्या भरल्याच नाहीत. मंदाकिनीला निरोप दिला, उद्या.

२२ फेब्रुवारी, सोमवार

सांगितलं. त्यांना पंचेचाळीस मीटरवरून वाटलं, खरी गोळी आपलीच. म्हणून तेरा डिसेंबरपासून दर रविवारी जिन्याच्या वळणावर थांबून ते दोन डब्यांतल्या गोळ्या एकमेकींत ओतायचे. आपल्या भास्करला, त्याच्या आपल्याला. त्याला पत्ता नाही. म्हणजे मी वर फिरवलं, यांनी खाली परत फिरवलं! ज्याच्या बाटलीतलं त्याच्याच पोटात गेलं. अभ्यास निर्मळ आहे.

मी विचारलं, "तुम्ही खरी गोळी देऊन टाकत होतात. मग माझं काय?"

म्हणाले, "मंदाकिनीवहिनींना बँकेतसुद्धा एकटं जाता येत नाही. मोहनाचं लग्न व्हायचंय. तू काय, सगळे फॉर्म एकटी भरतेस. तुझी मला काळजीच नव्हती."

चौतीस वर्षांत माझं एवढं कौतुक त्यांनी कधी केलं नव्हतं.