माउंटखालचे अडीच इंच

॥ श्री ॥

रत्नागिरी
शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
हरिहरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

परवा भाऊबीज होऊन गेली. यंदा ओवाळणं नाही हे तुलाही माहीत आणि मलाही, तरी सकाळी सात वाजता मी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. सावित्रीने विचारलं, स्वारी कुठे? मग शर्ट बदलून दुकानात गेलो. फोन करत नाही, कारण तुमच्या घरातला फोन भावोजींच्या खिशात असतो. पोस्टमन येतो तेव्हा ते बागेत असतात, म्हणून पत्र.

तुझ्या राहीला जाऊन आज पस्तीस दिवस झाले. तिला रस्त्यात गाठून मारणाऱ्या तिघांपैकी दोघे आत आहेत, तिसरा सापडलेला नाही. दर सोमवारी पोलीस चौकीवर चौकशीला जातो. आता तिथला शिपाई मला लांबून पाहूनच मान हलवतो.

काल दुकानात मालन आली होती. राही जिच्या खोलीत राहायची ती. पन्नाशीची बाई, आवाज घोगरा, बोलणं मोजकं. तृतीयपंथी मंडळींपैकी जी माणसं अशी मारली गेली, त्यांची नावं घेऊन वीस नोव्हेंबरला ठिकठिकाणी दिवे लावतात म्हणे. यंदा रत्नागिरीतही लावणार, मांडवीच्या जेटीवर, सूर्य बुडताना. पेपरात राहीचा दहावीचा, मिसरूड फुटलेला फोटो छापून आला. तो तिथे ठेवायचा नाही, असं मालन म्हणाली. तिला घरच्यांबरोबरचा हवाय. आणि तो कुठला, हेही तिला माहीत होतं.

ताई, आता पुढचं बसून वाच. तुमच्या ओटीवर आपल्या ओवीच्या लग्नातला बारा बाय अठराचा फोटो आहे. मे २०२२. फोटोग्राफरने घरचे सगळे या म्हणून हाक मारली, तेव्हा राही मोरपंखी साडी नेसून मांडवाच्या खांबाशी उभी होती. ओवीने तिला ओढून आपल्या शेजारी घेतलं. पुढे भावोजी तो फोटो घेऊन माझ्याकडे आले, कडेला बोट ठेवलं आणि म्हणाले, एवढं कापून फ्रेम कर.

मी आयुष्यात कुणाचा फोटो कापलेला नाही. आठवीत शाळा सोडली, हे काम मला कुणी शिकवलं नाही, पण माझं मी जे शिकलो त्यातला हा पहिला नियम. कापणार नाही, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं. दिसणार नाही असं करतो, हेही मीच सांगितलं. फोटोभोवती पांढरा जाड कागद असतो ना, माउंट, त्याची खिडकी डावीकडून अडीच इंच आत घेतली. पांढरी कड मात्र चारही बाजूंना बरोब्बर तीन-तीन इंच ठेवली, म्हणून कुणाला शंका आली नाही. खरं सांगतो, तेव्हा मला त्या कामाचा अभिमान वाटला होता.

म्हणजे राही त्या माउंटखाली अख्खी उभी आहे, डोक्यापासून पायापर्यंत. तो फोटोग्राफर दुकान बंद करून गेला, त्याच्याकडे आता काही नाही. मी दोनदा विचारून खात्री केली. तुझ्या भिंतीवर आहे तो एकच. विसाच्या आत मला पाठव, नाहीतर घेऊन ये.

माझ्यावर राग धर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा,
हरी

॥ श्री ॥

देवरूख
गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

चि. हरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचून तांदळाच्या डब्यात खाली ठेवलंय. हे तिथे हात घालत नाहीत.

मला वाटत होतं, तू कापलंस. साडेतीन वर्षं तसंच धरून चालले होते, आणि तरी तुला वाढताना कधी हात आखडला नाही. आता म्हणतोस, आत आहे. आता सांगून मी काय करू रे?

तुझ्या कामात चूक निघत नाही, हे तू लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकवत फिरायचास. तर ऐक. ओवीच्या खांद्यावर एक हात आहे. चार बोटं आणि एक हिरवी बांगडी. माझे दोन्ही हात रुमाल धरून पुढे. ह्यांचे पाठीमागे बांधलेले. जावईबापूंच्या हातांत नारळ. मग तो हात कुणाचा? आल्यागेल्या शंभर माणसांपैकी एकाने विचारलं नाही. माणसं तोंडं बघतात, हात कोण मोजतो! मी मोजले, पहिल्याच दिवशी. रोज काच पुसते ती तिथून सुरू करते. तेवढा तरी राहिला म्हणायचं.

पण फोटो मागू नकोस. घरात त्याचा विषय निघाला की हे ताटावरून उठतात. ओवीला आठवा चाललाय. दापोलीला तिच्या सासरी अजून नीटसं सांगितलेलं नाही, तिचा भाऊ आजाराने गेला एवढंच ठाऊक आहे. मला आता साठी जवळ आली. भांडायचं तर जीव लागतो अंगात, तो कुठून आणू? जेटीवर चार दिवे लावून तो परत येणार असता तर मी चालत आले असते.

सावित्रीला सांग, कोकमं पाठवते. स्वतःला जप, आणि या म्हातारीला मनातून काढू नकोस.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

रत्नागिरी
मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस एकाही फ्रेमला हात लावला नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं, पाठ धरलीय. तीस वर्षांत माझी चूक कुणी दाखवली नव्हती, आणि तू ती साडेतीन वर्षं पोटात ठेवलीस. मी खिडकीची मापं चार वेळा तपासली होती. हात मोजले नाहीत.

मालनला तोच फोटो का हवाय, ते गेल्या पत्रात लिहिलं नाही. धीर झाला नाही. फ्रेम तुमच्याकडे पोचवायच्या आदल्या दिवशी राही दुकानात आली होती, शिवलेली ब्लाउजं गिऱ्हाइकाला देऊन परत जाताना. फ्रेम समोरच होती. तिने बघितली, माउंटच्या कडेवरून बोट फिरवलं आणि हसत म्हणाली, मामा, आत मला उकडणार नाही ना? मी मान खाली घालून काच पुसत राहिलो. पुसलेलीच काच. जाताना म्हणाली, असू दे, भिंतीवर तर आहे. पुढे ती सगळ्यांना ऐटीत सांगायची, की माझा फोटो माझ्या आईच्या ओटीवर लागलाय. त्यांच्यातल्या पुष्कळजणींचं घरात नावही उरत नाही, म्हणून ती ऐट. माउंटचं मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मालनलाही परवा माझ्याकडूनच कळलं.

दुसरी गोष्ट स्मशानातली. तू नव्हतीस. भावोजींनी तिला शर्ट-पँट घालून, जुन्या नावाने सगळं उरकलं. फाटकाबाहेर अकराजणी उभ्या होत्या. मालनच्या हातात घडी केलेली मोरपंखी साडी होती, तीच, लग्नातली. निदान वरून घाला, एवढं सांगायला ती आली होती. मी फाटकाजवळच होतो, ताई. आत या म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. तिने साडी तशीच परत नेली.

दोन वेळा मी झाकलं. तिसऱ्यांदा नको. फ्रेम बसवाल्याकडे दिलीस तरी मी स्टँडवर येऊन थांबेन.

मी चुकलेला असलो तरी तुझाच धाकटा आहे, एवढं धरून राहा.

हरी

॥ श्री ॥

देवरूख
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. हरीस,
आशीर्वाद.

काल फोटो खाली काढला. पाठीमागे पालीची अंडी होती, ती काढली. उलटा धरून बराच वेळ बसले. मग परत लावला.

माझ्याच्याने होणार नाही. याविषयी आता लिहू नकोस. कोकमं मिळाली का, तेवढं कळव.

तुझी,
ताई

॥ श्री ॥

रत्नागिरी
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. ओवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू फोनवर तीनदा विचारलंस आणि तिन्ही वेळा मी झालं, चांगलं झालं, एवढंच म्हणालो. फोनवर मला क्रम लागत नाही. डॉक्टरांनी तुला प्रवास बंद केलाय, तेव्हा पडल्यापडल्या वाच. तू सासरी स्वतः सगळं खरं सांगितलंस, हे तुझ्या आईकडून कळलं. तुझ्या मामाला ते जमलं नसतं.

मी पाच वाजता जेटीवर पोचलो. साठेक माणसं होती. पोलिसांनी दीड तासाची परवानगी दिलेली, लाउडस्पीकर नाही. तिथे वाऱ्यात पणती टिकत नाही, म्हणून मालनने नारळाच्या करवंट्या आणल्या होत्या. एकेका करवंटीत एकेक पणती. टेबलावर फोटोच्या जागी मोरपंखी साडीची घडी ठेवली होती आणि तिला हार घातला होता. घडीवर हार टिकत नव्हता, सारखा घसरत होता. मी तो दोनदा सारखा केला आणि मग बाजूला जाऊन उभा राहिलो.

पावणेसहाला रिक्षा थांबली. तुझी आई उतरली. हातात चादरीत गुंडाळलेली फ्रेम, देवरूखपासून मांडीवर धरून आणलेली. रिक्षावाला फ्रेम धरू लागला, त्याच्यावर खेकसली. सरळ माझ्यापुढे आली आणि म्हणाली, तू झाकलंस, तूच उघड.

तुला माहीत आहे, टेबल आणि पुरेसा उजेड असल्याशिवाय मी फ्रेम उघडत नाही. त्या दिवशी जेटीच्या दगडावर गुडघे टेकून उघडली. पक्कड खिशात असतेच. पाठीमागे बारीक खिळ्यांसारख्या चौदा चुका होत्या, माझ्याच हाताने ठोकलेल्या. शेवटच्या दोन निघेनात. मालनने मोबाइलचा उजेड धरला. पुठ्ठा काढला, फोटो सुलटा केला, माउंट उचलला.

ओवी, उजेडाने फोटोचा रंग उडतो, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. तुमच्या ओटीवर सकाळचं ऊन येतं. साडेतीन वर्षांत तुझा शालू पिवळट झालाय, भावोजींचा फेटा गुलाबीवरून राखाडी झालाय, आम्ही सगळे धुतलेल्या कपड्यांसारखे फिके. आणि डावीकडे अडीच इंच राही. जशी त्या दिवशी उभी होती तशी. साडीचा रंग टेबलावरच्या साडीशी ताडून बघितला, तसूभर फरक नाही. मध्ये पट्टीने आखावी तशी सरळ रेघ. तुझ्या खांद्यावरची बोटं आमच्यातली, फिकी. मनगटापासून वरचा हात तिचा, ताजा.

तुझ्या आईने विचारलं, तुमच्यात मालन कोण? मालन पुढे आली. मला वाटलं, आता रडारड होणार. तर आईने विचारलं, ती वेळेवर जेवायची का? मालन म्हणाली, भाताला नाक मुरडायची, सुकट असली की दोन भाकऱ्या जास्त. आई म्हणाली, लहानपणापासून तसंच. मग दोघी टेबलाजवळच्या एकाच बाकावर बसल्या आणि तांदळाच्या भाकरीला पाणी किती गरम लागतं यावर बोलत राहिल्या. सूर्य बुडाला तेव्हाही बोलत होत्या.

मालनने नावं वाचली. बरीच होती. बरीचशी आपल्याला कधी ऐकूही न आलेली. शेवटी तिने कागद तुझ्या आईपुढे केला. चष्मा आणला नाही म्हणून आईने तो घेतला नाही. उभी राहिली, साडीच्या घडीवर हात ठेवला आणि नुसतं म्हणाली, राही, माझी धाकटी. बसली. पुढे पंधरा मिनिटं सगळे करवंट्यांतले दिवे बघत होते. परवानगीचा वेळ संपला, तेव्हा मागे उभा असलेला पोलीस घड्याळ बघत नव्हता.

आई मुक्कामाला राहिली नाही, शेवटची एसटी धरली. जाताना मालनने साडीची घडी तिच्या पिशवीत घातली. आईने ती काढून परत तिच्याच हातात दिली. तूच ठेव म्हणाली, तुझ्याकडे तिचा वास राहील. फोटो सध्या माझ्या दुकानात आहे. नव्याने बसवायचा. ओळखीचा एक स्टुडिओवाला रंग सारखे करून रेघ घालवून देतो म्हणाला, तसं ताईला विचारलंय.

स्वतःला जप. बाळ झालं की मामाकडून पहिली फ्रेम, माउंटशिवाय. या मामावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
हरीमामा

॥ श्री ॥

देवरूख
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

चि. हरीस,
अनेक आशीर्वाद.

गुडघे दुखतायत, बाकी ठीक. ओवीने सासरी सांगितलं, मग त्या दिवशी मीही ह्यांना सांगूनच निघाले. दारातून म्हटलं, राहीकडे चाललेय. हे म्हणाले, कोण राही? मी म्हटलं, परत आल्यावर सांगते. आल्यावर सांगितलं. ताटावरून उठले. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि माझं जेवून घेतलं.

स्टुडिओवाल्याकडे फोटो देऊ नकोस. रंग सारखे करायचे नाहीत. रेघ तशीच राहू दे. आम्ही उजेडात होतो आणि ती नव्हती, ते दिसू दे. फ्रेमची पट्टी जुनीच चालेल. माउंट नको.

खिळा रिकामा आहे. रविवारी ह्यांनी त्यावर कॅलेंडर लावलं. मी काढलं. सोमवारी पुन्हा लावलं, मी पुन्हा काढलं. बोलणं काही नाही, दोघंही थकलोत. मंगळवारी लावलं नाही. काच नाही म्हणून सकाळी तेवढी भिंतच पुसते, सवयीने, हात असायचा तिथून सुरू करून.

फ्रेम झाली की स्वतः घेऊन ये. हे घरात असतील अशाच वेळी ये. येशील त्या दिवशी तुला ओवाळीन, भाऊबीज राहिलीय.

मालनला विचार, सुकट इथून पाठवली तर चालेल का. आणि तू आमच्या घरची वाट विसरू नकोस.

तुझी,
ताई