माळाईच्या शेंदराचा हक्क

श्री माळाई प्रसन्न

मी तारामती, ग्यानोबांची विधवा, वय पासष्टच्या पुढे, धंदा शेती, राहणार मौजे टाकळगव्हाण, तालुका अहमदपूर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहून ठेवते. जिल्हा आधी उस्मानाबाद होता. चार वर्षांपूर्वी आम्ही जागचे न हलता लातूर जिल्ह्यात आलो. निजामाच्या राज्यातही आम्ही याच जागी होतो. सरकारने पुढे आणखी काही बदललं तर या कागदात गाव तेवढं खरं धरावं.

माझी अक्कल ठिकाणावर आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत, असं पंचाक्षरी गुरुजी म्हणतात. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेत. मी सांगते, ते लिहितात. माझं बोलणं त्यांनी शुद्ध करून घ्यावं, हरकत नाही. पण कुणी काही बोललं असेल तर ते जसं बोललं तसंच उतरवावं आणि मध्ये स्वतःचं ज्ञान घालू नये, अशी ताकीद मी त्यांना दिली आहे. माझ्यावर कुणाचा दाब नाही. दाब टाकू शकेल असा माझा मुलगा शेषेराव आज उदगीरच्या बाजाराला गेला आहे.

कलम १. राहतं घर माळवदाचं आहे. ते ओसरी आणि गोठ्यासकट शेषेरावाला मिळावं, पण कलम सातमधली अट पाळली तरच. माळवदावर दरसाल पावसाळ्याआधी पांढरी माती टाकावी, म्हणजे छत गळत नाही. पाऊसच येत नाही तर माती कशाला, असं म्हणून यंदा त्याने टाकली नाही. पावसाला असा टोमणा मारलेला मला आवडला नाही.

कलम २. ओढ्याकाठची काळी जमीन आणि वरचा माळ शेषेरावाचा. माळावर माळाईचं ठाणं आहे, त्याभोवतीचे दोन गुंठे सोडून. त्यांचं पुढे सांगते.

कलम ३. तांब्याची मोठी घागर माझी जाऊ नीलाबाई हिने तिच्या मुलीच्या लग्नात नेली, ती तिच्याकडेच राहिली. ती आता तिचीच. माफ केली असं लिहू नये, दिली असं लिहावं. पोस्टात जे काही असेल त्यातून माझं क्रियाकर्म करावं. तेराव्याला पंगत घालू नये. गावात टँकर येतो तेव्हा घागरी आपटतात आणि बाया एकमेकींच्या झिंज्या धरतात. तसल्या पाण्यावर शिजवलेलं गोड मला वर पोचणार नाही.

कलम ४. माझ्या नावाने एकदा माहूरला तांबूल न्यावा. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी मला माहूरगडावर नेलं होतं. मला वाटलं होतं, देवी उभी असेल, हातात शस्त्रं असतील, पायाखाली राक्षस असेल. गाभाऱ्यात गेले तर नुसता चेहरा. एवढा मोठा, शेंदराने माखलेला, आणि डोळे थेट माझ्याकडे. पाय कुठे, हात कुठे, हे विचारायचं मला सुचलंच नाही. ओटी हातातच राहिली. मागच्या बाया ढकलत होत्या आणि मी हलेना, तेव्हा सासूबाई कानाशी म्हणाल्या, "बघ पोटभर. आपली माळाई हिचीच हाय. हिला तोंड तरी हाय, आपलीला तेबी न्हाई." पुढे तुळजापूर झालं, अंबाजोगाई झाली. प्रत्येक ठिकाणी माझा ऊर भरून आला आणि प्रत्येक ठिकाणाहून परतल्यावर मी आमच्या माळावर जाऊन ओट्यावर डोकं टेकलं. बाहेर आईच्या एवढ्या मोठ्या घरांतून हिंडून आल्यावर तीच आई आपल्या शेतात उन्हात बसलेली आहे, याचा मला अजूनही धसका बसतो. चांगला धसका.

कलम ५. हे कलम नव्या पोरांनी नीट वाचावं. शेंदूर तेलात कालवून पिढ्यान्‌पिढ्या लावला की देवीच्या अंगावर थर साचतात, आणि कधीतरी ते आपसूक सुटून पडतात. माणसाने हात लावून काढायचे नसतात. याला देवीने कवच सोडलं म्हणतात. ते कवच नदीत सोडावं लागतं आणि तोवर भुईला टेकवायचं नसतं. बहात्तरच्या दुष्काळात, पुढच्या चैत्रात, माळाईने कवच सोडलं. खडीच्या कामावरून येताना मी दिवा लावायला गेले तर ते ओट्यावर उताणं पडलेलं, सुपाएवढं. आई उघडी होती. देवीला उघडं कुणाला दाखवायचं नसतं, म्हणून मी आधी पदराचा आडोसा केला, होता तो शेंदूर कालवून लावला आणि मगच गावाला हाक मारली. खाली काय होतं ते माझ्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही.

ओढा कोरडा, मन्याड कोरडी. नांदेडजवळ गोदावरीत डोह राहिलेत असं कळलं, म्हणून कवच खणात गुंडाळून आम्ही बाया लोह्याच्या वाटेने चालत निघालो. माझ्यासोबत दानम्मा होती, किराणा दुकानदार मडिवाळप्पांची बायको. तिच्या गळ्यात इष्टलिंग, तिला दुसरा देव नाही. मी म्हटलं, तू कशाला येतेस? ती म्हणाली, "अक्का, माझा देव गळ्यात हाय, तुझी देवी डोक्यावर. खाली कुणालाच ठेवायचं न्हाई. चल." वाटेत थकले की मी तिच्या डोक्यावर देत होते, आणि ती घेत होती.

एरवी माणसं देवीकडे जातात. त्या साली देवी माणसांकडे गेली. वाटेवरच्या गावांतून बाया रस्त्याला येऊन उभ्या राहायच्या. ज्यांच्या घरी प्यायला पाणी नव्हतं त्या तांब्या घेऊन यायच्या आणि आमचे पाय धुवायच्या. लोह्याच्या अलीकडे एका म्हातारीने आमचे पाय घमेल्यात धुतले आणि ते पाणी तसंच नेऊन म्हशीपुढे ठेवलं. म्हैस प्यायली. म्हातारीने मग त्या म्हशीलाच हात जोडले. मी आयुष्यात पुष्कळ आरत्या पाहिल्या, पण त्या घमेल्यासारखी पूजा मी कुठल्याच गडावर पाहिली नाही. आता जिथे धरणाचं काम चाललंय त्या विष्णुपुरीच्या डोहात आम्ही कवच सोडलं. ते सरळ तळाला गेलं. दानम्मा आणि मी काठावर एकमेकींना धरून रडलो, कशासाठी ते दोघींनाही सांगता आलं नसतं. त्यामुळे पाऊस आला असं मी म्हणणार नाही. पाऊस त्याच्या वेळेला आला.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी दानम्माने करावी. जिने माझी देवी वाहिली तिला माझा कागद जड नाही.

कलम ६. नवा जिल्हा झाला तसा गावात हुरूप आला. जिल्ह्याचं ठिकाण जवळ आलं, मग तीर्थक्षेत्रांच्या यादीत आपलंही नाव पाहिजे म्हणून समिती निघाली. चिटणीस माझाच मुलगा. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसे सगळे माळाईचा इतिहास सांगू लागले. साहेब पाहायला येणार म्हणून समितीने माळाईला तेलरंग दिला. डब्यातला, लाल, बैलगाडीच्या चाकांना देतात तो. चकाकी येते म्हणे. साहेबांची जीप धुरळा उडवत खालच्या रस्त्याने निघून गेली आणि आई तशीच चाकासारखी चकाकत राहिली. त्यावर आता शेंदूर ठरत नाही, ओघळतो. ज्यांनी डबा आणला त्यांना मी क्षमा केलेली नाही. त्यांनी माझ्या मयतीला खांदा दिला तरी चालेल, पण शेंदराला हात लावू नये.

यंदा घट बसायच्या आधी समितीने ठरवलं की रॉकेल आणि छिन्नी घेऊन सगळं खरवडायचं, आणि खाली जुनी मूर्ती निघाली तर यादीत नाव पक्कं. शेषेराव मला म्हणाला, "आई, तू बघितलीस ना? खाली मूर्ती हाय का न्हाई, एवढंच सांग." मी वाती वळत राहिले. हाव म्हणाले असते तर छिन्नी, न्हाई म्हणाले असते तर जयपूरची नवी संगमरवरी मूर्ती. त्या सकाळी मी ओट्याशी बसून होते. गुडघ्यांमुळे उठता येईना.

माझी सून सिंधू नांदेडची, मॅट्रिक झालेली. तिचं माझं कधी जमलं नाही, हे गावाला माहीत आहे. शेंदूर नखांत जातो म्हणून ती ब्रशने लावायची आणि मी दिवसभर तोंड फुगवून बसायची. त्या सकाळी ती पाण्याची घागर ठेवून पुढे आली आणि तिने दोन्ही हात माळाईवर पसरून ठेवले. नवऱ्याला म्हणाली, "आधी ह्ये हात खरवडा." शेषेराव रॉकेलचा डबा धरून उभा. समितीचे लोक चपला चाचपू लागले. मग त्याने डबा खाली ठेवला. घरी येताना मी तिला विचारलं, "तुला तर शेंदूर आवडत न्हाई." ती म्हणाली, "न्हाईच आवडत, आत्याबाई. म्हणून काय तिला सोलू देऊ?"

कलम ७. अट अशी की माळाईला कुणीही, कधीही खरवडू नये. तेलरंग कवचाबरोबर सुटेल तेव्हा सुटेल, घाई नाही. शेषेरावाने किंवा त्याच्या समितीने छिन्नी लावली तर कलम एकमधलं घर त्याच दिवसापासून सिंधूचं झालं असं समजावं. त्याने गोठ्यात राहावं.

कलम ८. खाली काय आहे हे मी आज सांगते, म्हणजे खरवडायला कारण उरणार नाही.

कवच पडलं त्या दिवशी मला मूर्ती दिसली नाही. दगडही दिसला नाही. खाली शेंदूरच होता, जुना, काळपट, कुणा बाईने लावलेला. तिच्या बोटांच्या खुणा त्यात तशाच होत्या. चार बोटं खालून वर ओढलेली, अंगठा डाव्या अंगाला टेकवलेला. सासूबाईंनी मला अगदी तसंच लावायला शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या सासूने. ती बाई किती पिढ्यांमागची, तिचं नाव काय, तिच्या काळी दुष्काळ होता का, मला ठाऊक नाही. मी माझी बोटं त्या खुणांवर ठेवली. ती नेमकी बसली. माहूरला झालं होतं तसंच मला झालं, हलता येईना. आई त्याच्या खाली किती खोल आहे कुणास ठाऊक. तिच्यापर्यंत कुणी पोचलेलं नाही. सगळ्या बाया फक्त हात ठेवून गेल्या. त्या जुन्या हातांवर मी माझा शेंदूर चढवला, तेव्हा मला भीती वाटली आणि फार मोठ्या घरात आल्यासारखंही वाटलं.

म्हणून माळाईचे दोन गुंठे आणि तिला शेंदूर लावण्याचा हक्क मी माझी सून सिंधू हिला देते. मुलाला नाही, समितीला नाही. तिच्यानंतर कुणाला द्यायचा ते तिने ठरवावं. ब्रशने लावायचा असेल तर ब्रशने लावावा, मी भांडायला येणार नाही. मात्र पहिल्या दिवशी एकदाच तिने हाताने लावावा. खाली माझी बोटं आहेत.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला. माझं म्हणणं असंच आहे, म्हणून अंगठा केला.

तारामती ग्यानोबा, डाव्या हाताचा अंगठा

लिहिणार : पंचाक्षरी गुरुजी (सही)

साक्षीदार :
१. मडिवाळप्पा, किराणा दुकानदार (सही)
२. किशनराव, शेजारचे शेतकरी (सही)

स्थळ : माळाईचा ओटा, मौजे टाकळगव्हाण
दिनांक : २३ ऑक्टोबर १९८६