ऑल्डोबद्दल एक अक्षरही बोलायचं नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९.१५

पहाटे कानात आवाज घुमत होता. पाचवी ब, चाळीस पोरं एका चालीत कविता म्हणताहेत आणि बाई टेबलावर पट्टीने ठेका धरताहेत. कुणी शब्द चुकला की पट्टी थांबायची. चौसष्ट वर्षं झाली, पण अजून कुणी एकदम गप्प झालं की वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

आज इरावती एकदम गप्प झाली.

नात दादरहून कॉलेजला जाताना दर सोमवारी माझ्याकडे गिरगावात उतरते. ती सिरीयल सोमवारी सकाळीच येते. 'काळ्या खिंडीचे राजे.' आम्ही पोहे खात एक भाग बघतो. आठवड्यात त्याच दिवशी दोन कप विसळावे लागतात.

पाचव्या भागात राणीचं लग्न चाललं होतं. मी फक्त "बिचारी" म्हणालो. नाव घेतलं नव्हतं. पडद्यावर त्या वेळी एकच बाई होती, हा माझा दोष नाही.

इरावती म्हणाली, आजोबा, तुम्ही याची मूळ पुस्तकं वाचलीयत ना? मी म्हटलं, पहिलंच. ते खरं आहे. दुसरं अजून संपलेलं नाही.

संकल्प : पुढचं वाचणार नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

फोर्टच्या फुटपाथवरून तिसरा खंड आणला. फक्त कपाटात ठेवायला. दोनच खंड बरे दिसत नव्हते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तिसरा खंड, पान ४१२. नीट विचार केला. काय बोलायचं नाही, हे कळायला ते आधी माहीत असावं लागतं. न वाचणारा माणूसच चुकून काहीतरी बोलून जातो.

सोमवार, १० फेब्रुवारी

सहावा भाग. एक शब्द बोललो नाही. मध्ये दोनदा सुस्कारा सोडला, तो दम्याचा.

इरावतीने विचारलं, तुम्हाला दमा कधीपासून? म्हटलं, आजपासून.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. दुपारी

पुस्तक संपलं. शेवटच्या पानावर ऑल्डो जातो. खिंडीच्या दरवाजावरचा म्हातारा द्वारपाल. सगळ्यांना आत घेतो आणि स्वतः बाहेर राहतो. वरण-भात तसाच ठेवला.

कुणालाही सांगायचं नाही असं ठरवलं. शेजारच्या रमाकांतला सांगितलं, पण तो सिरीयल बघत नाही. त्याने हळहळून विचारलं, कुठल्या बिल्डिंगमधले? वय काय होतं? मी म्हटलं, साधारण आपल्याएवढंच.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सातवा भाग. ऑल्डो म्हणाला, बर्फ वितळला की दारापाशी जर्दाळूचं झाड लावीन. मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. परत आल्यावर सांगितलं, सर्दी आहे.

इरावतीने भाग थांबवला. म्हणाली, आजोबा, माझ्याकडे बघा. ऑल्डोला काही होणारे का? मी पंख्याकडे बघितलं.

ती म्हणाली, पुढच्या सोमवारी शेवटचा भाग. तोपर्यंत तुमच्याकडून काही कळलं ना, तर मी माझ्या मैत्रिणीकडे, पूर्वीकडे बघेन, हिंदमाताला. तिच्याकडे मोठा टीव्ही आहे.

मोठ्या टीव्हीत काय वेगळी माणसं दिसतात? पण बोललो नाही. आता सात दिवस ऑल्डोबद्दल एक अक्षरही नाही. अवघड काहीच नाही.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

कविता झाली. भुजंगप्रयातात. चार ओळी. पहिली :

तुझ्यावीण ओसाड हे द्वार झाले

वृत्त कुठेही अडखळत नाही. बाईंची पट्टी थांबली नसती. कुणाला दाखवायची नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी. दुपारी ३

जिन्याखालच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायचं काम अकरा वर्षं माझ्याकडे आहे. आज सुविचार सुचत नव्हता. चार ओळी तयार होत्या, त्या लिहिल्या. बिल्डिंगमध्ये कुणी गेलं की तोही फळा मीच लिहितो, त्यामुळे वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' हात आपोआप लिहून गेला. गुप्तता राखण्यासाठी नाव फक्त 'द्वारपाल ऑ.' एवढंच.

पुढचं सगळं लोकांनी वाढवलं.

दहा वाजता दुसऱ्या मजल्यावरच्या बकुळाताईंनी चहाची किटली आणि पाव पाठवला. हस्ताक्षर माझं, म्हणजे सुतक माझ्याकडेच. घेतला. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

साडेदहाला रमाकांतचा नातू वैभव खालूनच ओरडला, अण्णा, काय हे! फिनाले उद्या आहे! मी वरून खूण केली, हळू बोल. तोवर पाच-सहा पोरं जमली होती. एकाने फोटो काढून सिरीयलच्या ग्रुपवर टाकला. त्यात इरावतीही आहे.

बारा वाजता इरावतीचा मेसेज. 'पूर्वीकडे जाते.' एवढाच. पुढे पूर्णविराम. एरवी तिच्या मेसेजच्या शेवटी माकडाचं चित्र असतं.

फळा पुसला. मूळ मुद्दा असा की कवितेला कुणी काही म्हणालंच नाही.

सोमवार, २४ फेब्रुवारी. सकाळी ७

पोहे दोघांचे भिजवले गेले. सवय.

एकट्याने बघणं जास्त बरं. मध्ये कुणी बोलत नाही.

८.१०

ऑल्डो मरत नाही!

शेवटच्या क्षणी ती राणी परत फिरते आणि त्याला दंडाला धरून आत ओढते. मी पान ६८८ उघडून टीव्हीसमोर धरलं. पुस्तकात स्पष्ट मेला आहे. या लोकांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलंच नाही. निषेधाचं पत्र लिहिणार.

तो शेवट तीनदा मागे घेऊन बघितला. निषेधासाठी तपशील लागतात.

कुणाला तरी सांगावं म्हणून रमाकांतकडे गेलो. तो दाढी करत होता. म्हणाला, चला, बरं झालं, घरच्यांना कळवलंस का?

८.४०

बेल वाजली. किटली न्यायला कुणी आलं असेल म्हणून किटली घेऊनच दार उघडलं.

इरावती. पाठीला सॅक. म्हणाली, नाही गेले पूर्वीकडे. बघितलाही नाही अजून, फोन बंद ठेवलाय. ऑल्डो मरणारच आहे हे माहितीये, मग म्हटलं रडायचंच आहे तर तुमच्याकडे रडू. तिकडे तिचे दोन काका सोफ्यावर बसून हसतात.

मी एक अक्षरही बोललो नाही. शपथेवर लिहितो. नुसता किटली धरून उभा होतो.

तिने एक चप्पल काढली, दुसरी काढताना वर माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तशीच थांबली.

म्हणाली, आजोबा! वाचला?