सातवी ताटली

२ जून
लागली एकदाची नोकरी! पुलगावहून रोज येणं जमणार नाही, म्हणून बोरगाव मेघेत खोली घेतली. प्रयोगशाळा झकास आहे. फिट येणाऱ्या मुलांच्या कातडीपासून इथे काचेच्या ताटल्यांत मेंदूच्या पेशी वाढवतात आणि मेंदू घडताना नेमकं कुठे बिघडतं ते शोधतात. तुलनेसाठी निरोगी पेशीही लागतात. त्या पेशी नव्या माणसाने द्यायच्या, असा इथला रिवाज. आमचे प्रमुख प्रभाकरराव सर यांनी हसतहसत माझ्या दंडाचा मसुराएवढा तुकडा काढला. मी कागद न वाचताच सही ठोकली आणि वर पेढेही वाटले.

१८ नोव्हेंबर
सातव्या ताटलीत मी आहे! माझ्या पेशींचे मोहरीएवढे गोळे झालेत, त्यांच्यात विजेचे संदेश धावतात. सरांनी त्यांवर फिट आणणारं औषध सोडलं. पडद्यावर रेघा उसळल्या आणि माझा डावा हात थडथड उडायला लागला. सर म्हणाले, जेवून येत जा. सगळे हसले. मला भयंकर राग आला.

२५ नोव्हेंबर
आज मुद्दाम दुसऱ्या खोलीत बसले. हात उडाला तेव्हा अकरा वीस झाले होते. सरांच्या वहीत औषधाची वेळही तीच. योगायोग म्हणे! माझा हात आहे हो तो!

२ डिसेंबर
ताटल्या धुणाऱ्या शोभाबाईंनी बाजूला घेतलं. म्हणाल्या, "मीबी देल्ली होती कातडी. माही ताटली फेकली तवापासून मले माह्या लेकीचं नाव नाई आठवत. रोज तिलेच इचारतो." सर त्यांना सांगतात, वय झालं. चाळिशीच्या आहेत त्या!

४ डिसेंबर
सातव्या ताटलीला बुरशी लागली. सोमवारी ब्लीच ओतून फेकणार. मी ओरडले, पाया पडले, पुन्हा ओरडले. सरांनी माझी सही दाखवली: पेशी संस्थेच्या मालकीच्या. चोरून नेल्या तरी उबेच्या पेटीबाहेर त्या मरतील. काय करू मी— काय—

७ डिसेंबर
सरांनी प्रयोगशाळेचं दार आतून लावलंय, आम्ही बाहेर. काचेतून त्यांच्या हातातली ब्लीचची बाटली दिसते. शोभाबाई दारावर थापा मारताहेत. लिहून ठेवते, म्हणजे राहील. मी आचल. पुलगावची. आईचं नाव मोहिनी—
ओतलं.
मी पुलगावची. आई— आई आहे मला, तिचं—
पण हे कुणी केलं ते नाही विसरणार. मरेपर्यंत नाही. त्या हरामखोराचं नाव