पंच्याऐंशीची रेषा

४ ऑगस्ट
मामाने ठरवूनही टाकलं! आजी गेल्यापासून मावशी त्या दोन खोल्यांत एकटी राहते, तर आता महिनाअखेरीला तिला संस्थेत ठेवायचं म्हणे. मी म्हटलं, तिला विचारलंस का? तर हसला. "तिला काय विचारायचं? मतिमंद म्हणून लहानपणीच लिहून दिलंय डॉक्टरांनी." आई भांडी घासत राहिली. सख्खी बहीण असून!

मावशीने जेवून ताट उचललं आणि म्हणाली, "मी नाही जाणार." कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं.

५ ऑगस्ट
आमच्या बुद्धिमापन तपासणी केंद्रात मी मदतनीस. लोकांना आत बोलवायचं, चाचणीचे ठोकळे पुसून पेटीत भरायचे, एवढंच. पण घरातली पहिली पदवीधर आहे, तीही मानसशास्त्राची! आज चाचण्या घेणाऱ्या मॅडमकडून जुनी पुस्तकं मागून घेतली. वाचून डोकं भणाणलं. आधी मूढ, जडबुद्धी असे सरळ दर्जे पाडलेले. आजच्या शिव्या म्हणजे कालचं शास्त्र! मग मतिमंद. आता बौद्धिक अक्षमता.

शब्द बदलले ते ठीक. पण रेषाही बदलली! एके काळी बुद्ध्यांक पंच्याऐंशीच्या खाली गेला की माणूस या वर्गात जाऊ शकत होता. पुढे तज्ज्ञांनी ती रेषा सत्तरच्या आसपास आणली. म्हणजे कितीतरी माणसं आदल्या दिवशी मतिमंद होती, दुसऱ्या दिवशी नव्हती. त्यांच्यात काडीचा फरक नाही!

मावशीचा आकडा आईला अजून पाठ आहे. ब्याऐंशी.

रेषा खाली आली तेव्हा मावशी पंधरा-सोळा वर्षांची असेल. तिला सांगायला कोणी आलं नाही.

९ ऑगस्ट
मॅडम मावशीला तपासायला तयार! पण म्हणाल्या, नात्यातलं माणूस आहे, तू खोलीत पाऊल टाकायचं नाहीस. शिवाय नुसता आकडा आता पुरत नाही. रोजचं जगणंही बघतात — स्वयंपाक, खरेदी, एकटीने जाणं-येणं. आणि ते विचारायचं घरच्या माणसाला. त्यातही "जमेल" याला गुण नाहीत. रोज करते का, तेवढंच.

मावशी काय करते? गॅसला हात लावायचा नाही, हा मामाचा हुकूम. डबा आई नेते, सामान मामा आणतो. बसमध्ये ती कधी एकटी चढलेलीच नाही. आधी माणसाला खुर्चीवर बसवून ठेवायचं, मग लिहायचं — चालत नाही!

मी चिडून विचारलं, आणि सत्तरच्या खालच्यांनी काय करायचं? त्यांना "नाही जाणार" म्हणायचा हक्क नाही? मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "म्हणून तर आता 'किती कमी' हे विचारून थांबायचं नसतं. 'मदत कोणती लागेल' हे विचारायचं." मग हे मामाला कोण सांगणार?

१० ऑगस्ट
उद्यापासून सुरू. गॅस, दुकान, बस. मावशी म्हणाली, "आधी गॅस. मला कधीपासून चहा हवाय, माझ्या वेळेला."

१७ ऑगस्ट
दूध दोनदा उतू गेलं. चहा मात्र फक्कड.

दुकानदार मावशीच्या डोक्यावरून मला विचारतो, "यांना काय हवंय?" मावशी म्हणाली, "यांना साबण हवाय. आणि यांना सुटे परत हवेत." त्याने मुकाट सुटे मोजले. मी वळून डबे बघायचं नाटक केलं, नाहीतर हसू फुटलं असतं.

बसचं मात्र भलतंच झालं. आमच्या थांब्यावर ती उतरलीच नाही. शेवटपर्यंत गेली, कंडक्टरला विचारून उलटी बस धरली. मी थांब्यावर रडकुंडीला. उतरून मलाच म्हणते, "मी कुठे हरवले? तूच एका जागी उभी राहून घाबरलीस."

२२ ऑगस्ट
मावशीच्या बोटाला चटका बसला. मामाने घर डोक्यावर घेतलं. चार बुकं शिकलीस म्हणून आमचे वाभाडे काढणार का, वगैरे. मी म्हटलं, चटका तुलाही बसलाय कधीतरी, तुला कोणी संस्थेत घातलं नाही! तो एकदम खाली बसला. "उद्या तिला काही झालं तर धावून कोण येणार? तू?" त्याचा आवाज रागाचा नव्हता. मी म्हटलं, मी येईन.

मावशीबद्दलची उत्तरं द्यायला मात्र आईच हवी. रोज चक्कर मारते, तिला सगळं ठाऊक. तर म्हणाली, "मला त्या खोलीत नेऊ नकोस." कारण विचारलं तर कणीक मळायला लागली. भित्री! मी तसं तोंडावर म्हटलंही.

२८ ऑगस्ट
तपासणी झाली. मावशी आत गेली आणि मी बाहेरच्या बाकावर — तेच ठोकळे, तीच पेटी, आणि मला दाराला हात लावायची बंदी!

तेवढ्यात जिन्यावरून आई आली. घामाघूम. बाकाच्या कडेला टेकली. माझ्याकडे बघितलं नाही.

मावशी बाहेर आल्यावर मॅडमनी आईला बोलावलं. आईला उठवेना. मावशी वाकून तिच्या कानात बराच वेळ काहीतरी बोलली. मग आई उठून आत गेली.

निघताना मॅडमनी सांगितलं — आजच्या व्याख्येत मावशी बसत नाही. बँकेच्या कामात कोणीतरी सोबत लागेल, बाकी राहू दे तिला तिच्या घरी. घरी येऊन मामाला सांगितलं. त्याने ऐकलं, आणि गॅसची नवी नळी आणायला निघून गेला.

३० ऑगस्ट
मावशीकडे चहा. तिने केलेला. विचारलं, आईच्या कानात काय सांगितलंस? "आत काय काय विचारतात ते. मागच्या वेळीही सांगितलं होतं." लहानपणी दोघींना एकाच दिवशी नेलं होतं. मोठी म्हणून मावशी आधी आत. बाहेर आली तर आई रडत बसलेली. मग तिने तिला सगळे प्रश्न सांगितले, आणि आपलं कुठे चुकलं तेही.

आई रेषेच्या जराशी वर निघाली. मग तिची शाळा, तिचं लग्न, मी, माझी पदवी.

मी म्हटलं, आणि तू? मावशीने कप विसळून पालथा घातला.

"माझं झालं होतं ना आधीच."